मास्तरांचा आवाज जपण्याची भानगड

मास्तरीणबाईंनी नवऱ्याकडे उभ्या आयुष्यात एकच गोष्ट मागितली होती. जरा वेळ गप्प बसा. दागिने मागितले नाहीत, मोठं घर मागितलं नाही, कुठं फिरायला न्या म्हणून कधी डोळ्यांत पाणी आणलं नाही. दिवसातून थोडा वेळ या माणसानं तोंड मिटावं, एवढीच त्यांची माफक मागणी होती. आणि ती पुरी व्हायची वेळ आली ती अशा रीतीनं, की आपण हे कुठल्या तोंडानं मागत होतो, असं बाईंना होऊन गेलं.

मास्तर म्हणजे शिंपी. शाळेशी त्यांचा संबंध गणवेशापुरता. बाजाराच्या रस्त्यावर एका बाजूला औषधाचं दुकान, दुसऱ्या बाजूला चष्म्यांचं, आणि त्या दोघांच्या मध्ये अंग चोरून उभं असलेलं यांचं. पुढं काउंटर आणि उभा आरसा, कोपऱ्यात कपडे घालून बघायला पडदा लावलेली जागा, मागं लाकडी फळ्यांची आडभिंत, तिच्या पलीकडं कापायचं टेबल, आणि तिथूनच वर घरात जाणारा जिना. म्हणजे सकाळी जिना उतरला की मास्तर आणि संध्याकाळी जिना चढला तरी मास्तर. बाईंना सुटका कुठंच नव्हती.

आणि मास्तर बोलायचे. बोलायचे म्हणजे किती, तर गल्लीत त्यांना पाठीमागं सगळे 'रेडिओ' म्हणत आणि आगाऊ गिऱ्हाइकं बाईंना विचारत, "काकू, बंद करायचं बटण कुठंय हो?" गिऱ्हाईक असलं की मास्तर गिऱ्हाइकाशी बोलत, नसलं की मशीनशी. अंघोळीला गेले की आतून बोलत आणि बाहेरून बाईंनी हुंकार दिला नाही तर दार वाजवून विचारत, "ऐकतेयस ना?" पेपर वाचायचे तोही मोठ्यानं, त्यातल्या जाहिरातींसकट. बाईंनी विचारावं, "कात्री कुठं ठेवलीत?" तर आधी ती कात्री कुणाकडून आणली, त्या माणसाचा धाकटा मुलगा कसा वाया गेला, आणि आपण त्याला वेळीच काय सांगितलं होतं, हे सगळं ऐकून घ्यावं लागे. तोवर कात्री बाईंची बाईंनाच सापडलेली असे.

माप घेतानाही हीच तऱ्हा. "हात वर करा साहेब, छाती चाळीस, थोरले बंधू कसे आहेत, पाठ अठरा, तरी मी त्यांना म्हटलं होतं की ती जुनी गाडी घेऊ नका, बाही चोवीस, घेतलीच ना शेवटी, मान पंधरा..." आडभिंतीच्या पलीकडं बाई कापड पसरून, हातात खडू घेऊन उभ्या. त्या सगळ्या चऱ्हाटातून आकडे तेवढे वेचायचे आणि कापडाच्या उलट्या बाजूला लिहायचे, हे त्यांचं काम. लोकांना वाटे की कापतात मास्तर. तसं नव्हतं. लग्नानंतर थोड्याच दिवसांत मास्तरांनी बोलता बोलता एका भल्या माणसाच्या शर्टाच्या दोन्ही बाह्या डाव्या कापून ठेवल्या, तेव्हापासून कात्री बाईंच्या हातात आली ती आलीच. मास्तर माप घेत, बाई कापत, मास्तर शिवत. मध्ये फक्त ती आडभिंत आणि आवाज.

तो आवाज एकदा बसला. थंड पाणी प्यायले असतील, असं बाई म्हणाल्या. गरम पाण्याच्या गुळण्या झाल्या, शेजारच्या औषधवाल्याच्या गोळ्या झाल्या. आवाज काही उठेना. खरखरत का होईना, मास्तर बोलतच होते, त्यामुळे कुणी मनावर घेतलं नाही. शेवटी विमा कंपनीत काम करणारी लेक एक दिवस रजा काढून आली आणि बापाला हाताला धरून मोठ्या दवाखान्यात घेऊन गेली. बाईही गेल्या. तपासण्या झाल्या, पुन्हा बोलावणं आलं, आणि डॉक्टरांनी तिघांना समोर बसवून सांगितलं की स्वरयंत्रावर गाठ आहे, वाईट आहे, पण वेळेत सापडलीय. स्वरयंत्र काढलं तर जीव वाचेल. बोलणं मात्र जाईल. पुढं एखाद्या यंत्राच्या मदतीनं थोडंफार बोलता येईल, पण तो आवाज यांचा नसेल.

मग मास्तरांनी घसा खाकरला आणि विचारलं, "डॉक्टर, हा तुमचा कोट कुणी शिवला हो? डावा खांदा उतरलाय."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. काय प्रसंग, काय चाललंय, आणि या माणसाला खांदा दिसतोय. त्या ताडताड बाहेर आल्या आणि समोरच्या बाकावर जाऊन बसल्या. लेकीला वाटलं आई रागावून बसलीय. रागावल्या होत्याच, पण त्या रागाच्या खाली जी भीती होती, ती त्यांनी कुणाला दाखवली नाही.

ऑपरेशनची तारीख महिनाअखेरची मिळाली. आणि तिथून पुढं सुरू झाली ती आवाज जपण्याची भानगड.

भानगड लेकीची. पोरगी गुणी, मायेची, पण प्रत्येक गोष्टीचा बंदोबस्त करायची तिला भारी हौस. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती एक चिमुकला माइक घेऊन आली. कॉलरला अडकवायचा आणि बोलायचं, की सगळं फोनमध्ये. "बाबा, तुमचा आवाज आपल्याला कायमचा ठेवायचाय," ती म्हणाली. इथवर ठीक होतं. पण पुढं म्हणाली, "आणि म्हणून आता तो वाया घालवायचा नाही. दुकानात बोलणं एकदम बंद. दिवसभर गप्प राहायचं, संध्याकाळी मला ताजा आवाज पाहिजे."

डॉक्टर असं काही म्हणाले नव्हते. उलट, बोलल्यानं आता काही बिघडत नाही, असंच त्यांनी सांगितलं होतं. पण मास्तर घाबरलेले होते, आणि घाबरलेला माणूस कुणीही काही करायला सांगितलं की करतो. त्यांनी मान हलवली. बाईंनीही मान हलवली. खरं सांगायचं तर बाईंच्या मनात त्या क्षणी एक नको तो विचार येऊन गेला. सुटले बाई एकदाची! आणि त्या विचाराची त्यांना इतकी लाज वाटली की त्या रात्री त्यांनी मास्तरांच्या ताटात भाजी दोनदा वाढली.

पहिल्या संध्याकाळी वरच्या खोलीत पंखा बंद, खिडक्या बंद, स्वयंपाकघरातला नळसुद्धा घट्ट बंद. मास्तरांना स्वच्छ शर्ट घालून खुर्चीत बसवलं. कॉलरला माइक. लेकीनं खूण केली. आणि ज्या माणसाचा तोंडाचा पट्टा भूकंपातसुद्धा थांबला नसता, तो माणूस ताठ बसून म्हणाला, "नमस्कार. मी आपणा सर्वांचा... अं... वडील बोलत आहे. जीवनात कष्टाला पर्याय नाही. सर्वांनी एकमेकांशी मिळून मिसळून राहावे. प्रकृतीची काळजी घ्यावी. धन्यवाद."

बाईंनी कपाळाला हात लावला. हा कोण बोलतोय? रेल्वे फलाटावर गाडी उशिरा येणार असल्याचं सांगतात, तेसुद्धा यापेक्षा जिव्हाळ्यानं सांगतात.

"असं नाही बाबा," लेक म्हणाली, "नेहमीसारखं बोला ना."

"नेहमीसारखंच तर बोलतोय," मास्तर म्हणाले आणि माइककडं असं बघितलं, जसा काही तो आयकराचा माणूस होता.

मग लेकीनं युक्ती काढली. रोज एक विषय देऊ लागली. तुमचं बालपण, तुमचं पहिलं दुकान, तुमची आणि आईची पहिली भेट. मास्तर दिवसभर मनातल्या मनात वाक्यं जुळवत आणि संध्याकाळी पाठ केल्यासारखी म्हणून दाखवत. पहिल्या भेटीच्या दिवशी तर त्यांनी "तिने निळ्या रंगाचा पोशाख परिधान केला होता" असं म्हटलं, आणि बाईंना राहवलं नाही.

"निळा नव्हता, हिरवा होता. आणि परिधान काय केला होता? घातला होता!"

"आई! सगळं रेकॉर्डिंग वाया गेलं!"

"अगं पण हिरवा होता!"

"असू दे ना आई. आठवण महत्त्वाची, रंग नाही."

बाई तणतणत स्वयंपाकघरात गेल्या आणि नळ मुद्दाम सोडून ठेवला. जी आठवणच चुकीची, ती कायमची ठेवून करायचंय काय?

खाली दुकानात वेगळाच तमाशा. मास्तर तोंड शिवल्यासारखे उभे. माप घ्यायचं, आकडे कागदाच्या चिटोऱ्यावर लिहायचे आणि आडभिंतीच्या फटीतून आत सरकवायचे. पहिला दिवस बाईंना बरा गेला. कात्रीचा आवाज असा असतो, हे त्यांना पहिल्यांदाच कळलं. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांचं डोकं दुखायला लागलं. गिऱ्हाइकं दवाखान्यात आल्यासारखी कुजबुजू लागली. आणि मास्तर? मास्तर बोलत नव्हते एवढंच, गप्प मात्र नव्हते. आता ते हातवारे करत. कात्री कुठंय विचारलं, तर आधी हातानं एक उंच माणूस दाखवत, मग एक छोटा मुलगा, मग तो वाया गेला म्हणून मान हलवत. पूर्वी हे कान बंद करून टाळता येत असे. आता हातातलं काम टाकून त्यांच्याकडं बघत बसावं लागे. बाईंना वाटे, या माणसाला धरून गदागदा हलवावं.

भर म्हणून औषधवाला. त्याला बातमी लागल्यापासून तो रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी येऊन उभा राही आणि हळव्या आवाजात म्हणे, "काकू, या दिवसांचं सोनं करून घ्या. एकेक क्षण मनात साठवून ठेवा."

"साठवते हं," बाई म्हणत. "तेवढे शाळेचे गणवेश हातावेगळे झाले की लगेच बसते साठवायला."

पण रागावून तरी किती रागावणार? माणसं मायेनंच सांगत होती. आणि बाई खरंच प्रयत्न करत. मास्तर जेवत असले की त्यांच्या तोंडाकडं बघत बसत, हे सगळं डोळ्यांत भरून घ्यायचं म्हणून. मास्तर घास हातात धरून खुणेनं विचारत, काय झालं? ओठाला काही लागलंय का? मग बाईच चिडत. "काही नाही लागलं. जेवा." असा सगळा महिना गेला. सोनं राहिलं बाजूला, धड नेहमीसारखा एक दिवससुद्धा त्यांच्या वाट्याला आला नाही.

दवाखान्यात दाखल व्हायच्या आदल्या दिवशी लेकीनं सकाळी सकाळी फोन केला. "आई, आज शेवटचं आणि सगळ्यात महत्त्वाचं रेकॉर्डिंग आहे. बाबा माझ्याशी, तुझ्याशी, सगळ्यांशी मनातलं बोलणार आहेत. आज त्यांना चकार शब्द बोलू देऊ नकोस. संध्याकाळी मी येईपर्यंत आवाज जपायची जबाबदारी तुझी."

"बरं," बाई म्हणाल्या.

त्या दिवशी दुकान बंदच ठेवायचं होतं. पण एका वकिलांचा काळा कोट घालून बघायचा राहिला होता, आणि दिलेला शब्द मोडायचा नाही, ही मास्तरांची जुनी खोड. वकीलसाहेब या दुकानाचे नवेच गिऱ्हाईक; मापही याच महिन्यात, मास्तर गप्प असताना घेतलेलं. भारदस्त गृहस्थ, पोटानं जरा जास्तच भारदस्त. दुपारी ते पडद्याआड गेले. आत बराच वेळ खुडबुड झाली. मग पडदा सरला आणि ते बाहेर आले. कोट खांद्यावर छान बसला होता, पाठीवर छान बसला होता, आणि पुढची बटणं त्यांच्या काजांना लांबूनच नमस्कार करत होती.

"मास्तर, हे काय?" वकीलसाहेब म्हणाले.

मास्तरांनी स्वतःच्या हातचा चिटोरा काढून बघितला. पोट बेचाळीस. कोट मोजला. बरोबर. मग वकीलसाहेबांच्या पोटाभोवती टेप टाकली. साहेबांनी सवयीनं श्वास आत ओढला. मास्तर टेप धरून थांबून राहिले. साहेब तरी किती वेळ धरणार? श्वास सुटला, आणि टेप मास्तरांच्या बोटांतून सरसर सरकली. मास्तरांचा चेहरा लाल झाला. त्यांनी काउंटरवरचा कागद ओढला, लिहायला घेतलं, पेन्सिलीचं टोक मोडलं. दुसरी घेतली. तीही मोडली. आणि महिनाभर गप्प असलेल्या दुकानात आरसा हादरेल असा आवाज आला.

"अगं एऽऽ!"

बाई कात्रीसकट बाहेर आल्या. "ओरडताय काय? काय झालं?"

"काय झालं? कोट झालाय! साहेबांचा नाही, त्यांच्या धाकट्या भावाचा झालाय!"

"मला कशाला सांगता? बेचाळीस लिहून दिलंत, बेचाळीस धरून कापलंय. तो बघा चिटोरा, तुमचंच अक्षर."

"अगं पण ते तेव्हा पोट आत ओढून उभे होते!"

"मग मला काय फळीतून दिसतं?"

"आजवर कधी दिसलंय? तरी आजवर एका पोटाला तुझा कोट कमी पडलाय का? मी बेचाळीस म्हटलं तर बेचाळीस कापतेस, आणि बेचाळीऽऽस म्हटलं की आपणहून वाढवून धरतेस!"

खरं होतं. टेप लागली की माणसं पोट आत घेतात, सगळीच घेतात, आणि तोंडावर तसं सांगता येत नाही. म्हणून मास्तर आकडा जरा लांबवून म्हणत. बाईंच्या हातातला खडू त्या लांबवण्याइतका बाहेर सरके. कुणी कुणाला हे शिकवलं नव्हतं, यावर दोघं कधी एक शब्द बोलली नव्हती. इतकी वर्षं आपण आकडे तेवढे वेचतो, बाकीचं सगळं कचऱ्यात टाकतो, अशा समजुतीत बाई होत्या. आणि टाकलं मात्र काहीच नव्हतं.

"मी काही पोट आत ओढलं नव्हतं," वकीलसाहेब दुखावून म्हणाले.

"ओढलं होतंत!" दोघं एकदम म्हणाली.

"सगळेच ओढतात साहेब, लाजू नका," मास्तर म्हणाले, आणि मग जे सुटले ते सुटलेच. कोटावरून कापडावर आले, कापडावरून बाईंच्या घाईवर, घाईवरून बाईंच्या माहेरावर. "तुमच्या घरात सगळ्यांनाच घाई! तुझा तो भाऊ, स्वतःच्या लग्नाला एका सुटाचा कोट आणि दुसऱ्याच सुटाची पँट घालून आला होता!"

"माझ्या भावाचं नाव काढू नका! दोन डाव्या बाह्या कापणाऱ्यानं तर मुळीच काढू नका!"

"एकदा! आयुष्यात एकदा!"

"एकदाच, कारण मग कात्री मी काढून घेतली!"

वकीलसाहेबांनी हळूच कोट काढून काउंटरवर ठेवला. "सावकाश करा," ते म्हणाले, "मला काही गडबड नाही." बाईंनी भांडता भांडताच त्यांना सांगितलं की आत कापड सोडलंय, उसवून वाढवता येईल, पुढच्या आठवड्यात या. ते पाय न वाजवता निघून गेले.

तेवढ्यात काउंटरवरचा फोन वाजला. लेकीचा. मास्तरांनी फोनकडं बघितलं आणि एकदम हात तोंडावर दाबला. हातून काही मोलाचं सांडावं तसा त्यांचा चेहरा झाला. डोळे मोठे करून, मान हलवून, बोटानं वरची खोली दाखवून ते सांगू लागले. संध्याकाळचं. रेकॉर्डिंग. आवाज.

बाईंनी फोन पालथा घातला.

"का थांबलात?" त्या म्हणाल्या.

मास्तरांनी पुन्हा वर बोट केलं.

"खड्ड्यात गेली ती संध्याकाळ!" बाई ओरडल्या. "मला नको तो नमस्कार धन्यवादवाला माणूस. त्याच्याशी नाही लग्न लावलं मी. महिनाभर झाला, जपा जपा म्हणून माझा नवरा कपाटात घालून ठेवलाय सगळ्यांनी, आणि मीही मूर्खासारखी त्याला कुलूप लावून बसले. उद्यापासून मी एकटीच बोलणार आहे आणि तुम्ही चिटोरे सरकवणार आहात. मला एकटीला भांडता येत नाही हो! माझ्या भावाबद्दल काय म्हणत होतात ते आधी पुरं करा."

मास्तरांनी हात खाली घेतला. मग म्हणाले, "नक्की पुरं करू?"

"आता परवानगी काढून भांडणार का?"

"तुझा भाऊ ना," मास्तर म्हणाले आणि स्टूल ओढून बसले, "मुळातच कंजूस."

पुढचं भांडण बाईंनी जिवाचं रान करून जगवलं. एरवी त्यांचा डाव ठरलेला असे. दोन उत्तरं द्यायची, मग फळीआड जाऊन बोलणंच टाकायचं, की मास्तर हरले. आज त्या फळीआड गेल्या नाहीत. भाऊ संपला तेव्हा त्यांनी नणंदेचा विषय काढला. नणंद संपली तेव्हा, हिरवा की निळा, हे एकदाचं ठरवून टाकू म्हणाल्या, आणि त्यावर दोघं इतकी कडाडली की औषधवाला दारातून डोकावून गेला आणि सोनं वगैरे काही न बोलता परतला. चहा झाला. चहात साखर कमी यावरून झालं. मग बाईंनी आयुष्यात पहिल्यांदाच स्वतःहून विचारलं, "ते सर्कशीतल्या अस्वलाला तुम्ही पँट शिवली होती, ते कसं काय हो?" ही गोष्ट त्यांना तोंडपाठ होती. गिऱ्हाइकांसमोर ती सुरू झाली की त्यांच्या अंगावर काटा येई. मास्तरांनी संशयानं बघितलं, पण सांगितली. अस्वल पूर्वीपेक्षा मोठं झालं होतं. बाईंनी मध्ये मध्ये चुका काढल्या, मास्तरांनी त्या फेटाळल्या, आणि उन्हं आरशावरून उतरून फरशीवर आली तरी दुकानातला आवाज थांबला नाही. फक्त तो हळूहळू खरवडत गेला, मग फाटत गेला, आणि मग ओठ हलताना नुसती हवा तेवढी येऊ लागली. बाई स्टूल जवळ ओढून ओढून ऐकत होत्या.

लेक आली तेव्हा दोघं तशीच बसलेली होती. कोट तसाच उसवायचा पडलेला. लेकीच्या हातात माइक, काखेत नवा स्वच्छ शर्ट.

"बाबा, चला वर. तयार?"

मास्तरांनी तोंड उघडलं. काही आलं नाही. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा नाही.

"आई! आवाज कुठं गेला यांचा? किती बजावलं होतं मी सकाळी! तू होतीस ना इथं?"

"होते की."

"मग?"

"मी वापरला," बाई म्हणाल्या. "दुपारपासून बसून. सगळा संपवला."

लेक मटकन स्टुलावर बसली. शर्ट मांडीवर घेतला. मग डोळे पुसत हळू आवाजात म्हणाली, "निदान सांग तरी, काय बोलले? काही महत्त्वाचं बोलले का?"

बाईंनी सगळं आठवून बघितलं. भाऊ, नणंद, साखर, अस्वल.

"छे गं," त्या म्हणाल्या. "एक शब्दसुद्धा नाही." आणि महिनाभर कुणासमोर न रडलेल्या बाई तिथंच, काउंटरवर डोकं टेकून, हमसून हमसून रडायला लागल्या. लेक त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होती, आणि मास्तर तिच्यासमोर उभं राहून दोन्ही हातांनी तिला पटवून देत होते, की भांडण आईनंच सुरू केलं.